दोन कागदांच्या मधली माहिती

२० फेब्रुवारी २००८ रोजी पनवेलच्या सिनेराज चित्रपटगृहात कमी तीव्रतेचा स्फोट झाला. पडद्यावर 'जोधा अकबर' चालू होता. त्या चित्रपटावरून तेव्हा देशभर वाद पेटलेला होता. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि तो वेळीच निकामी करण्यात आला. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, वाहनतळाच्या भागात स्फोट होऊन सात जण जखमी झाले. वाशी आणि ठाणे या दोन्ही ठिकाणी 'आम्ही पाचपुते' या नाटकाचे प्रयोग होते आणि त्या नाटकाला आधीपासून विरोध चालू होता.

आज हे तिन्ही प्रसंग एका परिच्छेदात मावतात, म्हणून त्यांचं नातं उघड वाटतं. त्या वेळी ते तीन पोलीस ठाण्यांच्या तीन वेगळ्या फायलींत होते. वाशीचा कागद नवी मुंबई आयुक्तालयात, ठाण्याचा ठाणे आयुक्तालयात. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत साडेतीन महिन्यांचं अंतर. एका कागदावर चित्रपट, दोनांवर नाटक. समान गोष्ट एवढीच की प्रेक्षक जमतात अशी बंदिस्त जागा आणि तिथे सादर होणाऱ्या कलाकृतीविरुद्ध आधीच उठलेला आवाज. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, जूनमध्ये अटकसत्र सुरू केलं आणि तिन्ही घटना एका तपासात आल्या. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने सहा आरोपींपैकी दोघांना दोषी ठरवलं आणि चौघांची सुटका केली.

हे नातं माणसांनी जोडलं. कागद तीनच होते आणि विषय ठळक होता. पण पोलीस ठाण्यातली बहुतेक कागदपत्रं इतकी बोलकी नसतात. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये नवी मुंबईतून चार मोटारी चोरीला गेल्या. मोटारचोरी ही कुठल्याही ठाण्यातली नेहमीची फिर्याद आहे. मालक येतो, गाडीचा नंबर, रंग, इंजिन आणि चॅसिस क्रमांक सांगतो, ठाणे अंमलदार लिहून घेतो, गुन्हा नोंद होतो, विम्याचं काम मार्गी लागतं. २६ जुलैच्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये सुमारे ७० मिनिटांत २१ स्फोट झाले, ५६ माणसं गेली. चार चोरीच्या मोटारींपैकी दोन तिथे वापरल्या गेल्या होत्या आणि दोन सुरतेत स्फोटकांसह सापडल्या. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना आलेला लांबलचक ई-मेलही नवी मुंबईतूनच गेला होता, सायन-पनवेल महामार्गालगतच्या सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून. त्या घरात राहणाऱ्या परदेशी माणसाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. त्याच्या राउटरला पासवर्ड नव्हता, एवढंच.

चार फिर्यादी वाचून अहमदाबादचा हल्ला आधी ओळखता आला असता, असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. कोणत्याही संगणकाला ते जमलं नसतं. मात्र स्फोटानंतरच्या पहिल्या तासात, बॉम्ब ठेवलेल्या गाडीचा चॅसिस क्रमांक हातात आल्यावर, दुसऱ्या राज्यातल्या एका ठाण्याची फिर्याद शोधायला दिवस लागतात की सेकंद, यावर तपासाची दिशा ठरते. आणि एक फिर्याद सापडली की तिच्यासारख्या आणखी तीन आपोआप पुढे याव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे: लाखो पानांच्या मजकुरातून, एकमेकांचा उल्लेखही न करणाऱ्या दोन कागदांमधलं नातं यंत्राच्या मदतीने शोधणं. जाणकार त्याला टेक्स्ट मायनिंग म्हणतात.

या कल्पनेचा पाया पोलिसांनी घातला नाही, तो ग्रंथालयात घातला गेला. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन हे मुळात भौतिकशास्त्राचे, पुढे माहितीशास्त्राकडे वळलेले प्राध्यापक. १९८६ मध्ये त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतले दोन ढीग शेजारी ठेवले. एका ढिगात रेनॉ नावाच्या विकाराचे लेख होते. या विकारात थंडीने बोटांतला रक्तप्रवाह आखडतो आणि बोटं पांढरी पडतात. त्या लेखांत रुग्णांचं रक्त घट्ट असतं, रक्तातल्या चकत्या (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटतात, असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या ढिगात माशांच्या तेलावरचे लेख होते. त्या तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो, असं त्यांत होतं. पहिल्या ढिगातल्या लेखकांनी दुसरा ढीग वाचलेला नव्हता, दुसऱ्यातल्यांनी पहिला. दोन्ही गोष्टी छापलेल्या होत्या, कोणीही वाचू शकत होतं, पण तिसरी गोष्ट, म्हणजे माशांचं तेल या रुग्णांना उपयोगी पडेल ही शक्यता, कोणत्याच कागदावर नव्हती. स्वॉन्सन यांनी ती मांडली आणि काही वर्षांत झालेल्या रुग्णचाचणीतून तिला दुजोरा मिळाला. १९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यात अशाच अकरा दुर्लक्षित दुव्यांची मांडणी केली.

या पद्धतीचं सूत्र साधं आहे. 'क'चा 'ख'शी संबंध एका ठिकाणी नोंदलेला, 'ख'चा 'ग'शी दुसऱ्या ठिकाणी. मग 'क' आणि 'ग' यांचं काय? स्वॉन्सन आणि त्यांचे सहकारी नील स्मॉलहायझर यांनी त्यासाठी ॲरोस्मिथ नावाची संगणक प्रणाली तयार केली. २००१ मध्ये त्यांनी हीच युक्ती सुरक्षेच्या प्रश्नाला लावली: विषाणूंच्या घातकपणावरचं संशोधन आणि त्यांच्या पसरण्यावरचं संशोधन हे दोन ढीग जोडून, कोणते विषाणू शस्त्र म्हणून वापरले जाण्याचा धोका आहे याची यादी काढली. औषध शोधणारी पद्धत आणि धोका हुडकणारी पद्धत एकच निघाली.

आता हे सूत्र पनवेल परिसरातल्या कागदांवर लावून पाहू. हे उदाहरण कल्पित आहे, पण कागद खऱ्या धाटणीचे आहेत. कळंबोलीत एक फिर्याद आहे: उभा केलेला टेम्पो अज्ञात इसमाने चोरून नेला. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या तक्रारीत रसायनाची पिंपं कमी भरल्याचं लिहिलं आहे. जुन्या पनवेलमधल्या एका लॉजच्या नोंदवहीत तीन पाहुणे आहेत, पत्ता परगावचा, सोबत मोबाइल नंबर. आणि चौथा कागद म्हणजे बसस्थानकावर मोबाइल हरवल्याचा दाखला. लॉजमध्ये लिहिलेला नंबर आणि हरवलेल्या मोबाइलचा नंबर एकच आहे. टेम्पोच्या फिर्यादीत मालकाने सांगितलंय की मागच्या फाळक्यावर निळ्या रंगात 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं आहे आणि त्यातला 'शी' पुसट झालाय. कारखान्याच्या रखवालदाराने जबाबात म्हटलंय की रात्री फाटकाबाहेर 'आईचा आ...र्वाद' लिहिलेला टेम्पो थांबला होता. चार कागद, चार टेबलं. एकट्या कागदात संशय घेण्यासारखं फारसं काही नाही.

यंत्र इथे काय करतं? आधी ते वजन करतं. आपल्याकडची फिर्याद ठरलेल्या भाषेत लिहिली जाते. 'यातील फिर्यादी', 'सदर', 'नमूद', 'अज्ञात इसम', 'लबाडीच्या इराद्याने', 'संमतीशिवाय चोरून नेले' हे शब्द हजार फिर्यादींत हजार वेळा येतात. जो शब्द सगळीकडे आहे तो दोन कागदांचं खास नातं सांगत नाही. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये हा विचार गणितात बसवला: शब्द जितक्या कमी कागदांत सापडेल तितकं त्याचं वजन जास्त. आज इंटरनेटवर आपण जो शोध घेतो त्याच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. या हिशेबात 'अज्ञात इसम' जवळजवळ शून्य आणि पुसट झालेला 'शी' सोन्याच्या मोलाचा. अनुभवी हवालदाराला हे शिकवावं लागत नाही. त्याची अडचण एवढीच की तो स्वतःच्या ठाण्याचे कागद वाचतो, शेजारच्या ठाण्याचे वाचत नाही.

दुसरं काम नावं ओळखण्याचं: व्यक्ती, गाव, गाडी, संस्था, तारीख. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने १९८७ पासून यासाठी स्पर्धा भरवल्या. १९९१ आणि १९९२ च्या स्पर्धांचा विषय लॅटिन अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या हा होता; हल्ला कोणी केला, कुठे, कशाने, हे संगणकाने बातमीतून वेचून काढायचं. इंग्रजीत हे पुष्कळ साधलं आहे. मराठीत काम अवघड आहे आणि त्याची कारणं आपल्या व्याकरणात आहेत. पनवेल हे एक गाव, पण कागदावर ते पनवेलला, पनवेलहून, पनवेलच्या, पनवेलमधल्या, पनवेलकर अशा रूपांत येतं. 'ठाणे' हे शहरही आहे आणि पोलीस ठाणंही. 'ठाण्यात गुन्हा दाखल' या तीन शब्दांच्या बातमीत यंत्र अडखळतं. शिवाय दत्तात्रय, दत्तात्रेय, दत्ता आणि रोमन लिपीतली त्याची दोन-तीन स्पेलिंगं ही एकाच माणसाची असू शकतात. उच्चारावरून नावं जुळवायची कल्पना अमेरिकेत १९१८ मध्येच साउंडेक्स या नावाने पेटंट झाली, पण ती तिथल्या आडनावांसाठी होती. 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'ष' यांचा गोंधळ तिच्या हिशेबात नव्हता.

म्हणून पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने केलेल्या कामाचं मला फार मोल वाटतं. त्यांनी मराठी मजकुराचा मोठा संग्रह तयार केला, त्यावर महाबर्ट नावाचं भाषा-प्रारूप शिकवलं आणि २०२२ मध्ये महानेर हा संच खुला केला. त्यात २५,००० मराठी वाक्यांमधली नावं माणसांनी हाताने खुणा करून दिली आहेत. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, उभं राहिलं. हे काम कोणत्याही ठळक बातमीत येत नाही. पण मराठी फिर्याद संगणकाला समजायची असेल तर वाट इथूनच जाते. परदेशी कंपनीची महागडी प्रणाली विकत घेऊन ते होणार नाही.

तिसरं काम लिहिणाऱ्याची लकब ओळखण्याचं. २००८ मध्ये धमकीचे ई-मेल सानपाड्यानंतर माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या उघड्या वाय-फायवरून गेले. प्रत्येक वेळी संगणकीय पत्ता निर्दोष दारात जाऊन थांबला. मजकूर मात्र एकाच संघटनेच्या नावाने आणि एकाच घडणीचा होता. पत्ता बदलता येतो, लिहिण्याची सवय सहज बदलत नाही. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अमेरिकी राज्यघटनेच्या काळातल्या बारा निनावी निबंधांचा लेखक अगदी किरकोळ शब्दांच्या वारंवारितेवरून ठरवला. मराठीतही अशा खुणा भरपूर आहेत. कोणी 'व' लिहितो, कोणी 'आणि'. कोणी 'कि' ऱ्हस्व काढतो. कोणी 'परंतु'शिवाय वाक्य वळवत नाही. विषय लपवता येतो. या बारक्या शब्दांकडे लिहिणाऱ्याचंही लक्ष नसतं.

इतकं सगळं असूनही अपयश का येतं? मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. ऑगस्ट २००६ पासून आलेल्या २६ इशाऱ्यांची नोंद तिच्यासमोर आली. त्यांपैकी सहा समुद्रमार्गे हल्ल्याविषयी, अकरा एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांविषयी आणि तीन आत्मघातकी हल्ल्यांविषयी होते. हे आकडे वाचून राग येतो. पण त्याच काळात त्याच टेबलांवर इतर शेकडो इशारे येत होते, ज्यांतून काहीच घडलं नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा अभ्यास करणाऱ्या रोबर्टा वोलस्टेटर यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की माहितीचा तुटवडा नव्हता, गलबला फार होता. नंतर उघड झालं की लष्कर-ए-तोयबाचा तांत्रिक सूत्रधार झरार शाह याच्या संगणकावर ब्रिटिश हेरखात्याची नजर होती. अमेरिकेकडे, हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीविषयी त्याच्या बायकांनी दिलेल्या तक्रारी होत्या. भारताकडे आपले इशारे होते. तिन्ही देशांकडे तुकडे होते आणि ते तुकडे हल्ल्याआधी एका टेबलावर आले नाहीत.

कागद एका ठिकाणी आणायचे प्रयत्न त्यानंतर वेगाने झाले. २००९ मध्ये देशातली पोलीस ठाणी संगणकाने जोडणारी सीसीटीएनएस योजना मंजूर झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस, वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी सुरक्षा यंत्रणांसाठी जोडणाऱ्या नॅटग्रिडची घोषणा झाली. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये नागपूरच्या आयआयएमच्या साहाय्याने 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली; पोलीस कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणं हे तिचं काम. पनवेलच्या दृष्टीने हे दूरचं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याकडचा रस्ता पळस्पे फाट्यावरून वळतो, न्हावा-शेव्याचे कंटेनर इथूनच देशभर जातात आणि डिसेंबर २०२५ पासून विमानतळही चालू झाला आहे. जिथे इतके रस्ते एकत्र येतात तिथे कागदही एकत्र यायला हवेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे. राज्यकर्त्यांनी प्रजेचा मजकूर चाळणं नवं नाही. इंग्रज सरकारचं एक कार्यालय मुंबई इलाख्यातली मराठी-गुजराती वृत्तपत्रं वाचून दर आठवड्याला इंग्रजी गोषवारा सरकारला पाठवत असे. पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांना जुलै १८७९ मध्ये पकडल्यावर त्यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मवृत्त पुण्याच्या खटल्यात सरकारी पुरावा झालं. जन्मठेप घेऊन ते एडनला गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. मजकूर वाचणारी ताकद कोणाच्या हातात आहे आणि तिला कोण जाब विचारू शकतो, हा प्रश्न तेव्हाही होता. आज ती ताकद कित्येक पटींनी मोठी झाली आहे.

आणि ती चुकते. पनवेल-उरण पट्ट्यातल्या एखाद्या गावात जाऊन म्हात्रे, घरत, भगत किंवा ठाकूर या आडनावाने हाक मारून पाहा. एकाच नावाचे, कधीकधी वडिलांचंही नाव तेच असलेले दोन-तीन जण सापडतील. गावकरी त्यांना घरावरून, आळीवरून ओळखतात. यंत्राला ती आळी दिसत नाही. आकड्यांचा धोका तर याहून मोठा आहे. समजा पाच लाख वस्तीच्या शहरात खरोखर घातपाताच्या तयारीत असलेली दहा माणसं आहेत आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरणारी प्रणाली आपण लावली. ती त्या दहांना बहुधा पकडेल. पण उरलेल्यांपैकी शंभरात एक चुकीचा, म्हणजे जवळजवळ पाच हजार निरपराध माणसंही ती बोट दाखवून उभी करेल. नव्व्याण्णव टक्के हा शब्द ऐकून भुलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि पत्रकाराने हा हिशेब एकदा हाताने मांडावा.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात मात्र सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. सुरक्षेसाठी काही सूट लागते हे मी मान्य करतो. पण यंत्राने दाखवलेला दुवा कोणत्या दोन कागदांवरून काढला, तो कोणत्या अधिकाऱ्याने तपासला आणि चुकीचा निघाल्यावर कोणाच्या नावासमोरून काढून टाकला, याची लेखी नोंद नसेल तर त्या दुव्यावर कोणाच्याही दारात पोलीस जाऊ नयेत. सानपाड्याच्या त्या घराची हकिगत प्रशिक्षणात शिकवण्याजोगी आहे.

राहिला वाचकाचा भाग, आणि तो लहान नाही. सगळी प्रणाली ज्या कागदावर उभी राहते तो कागद पुष्कळदा तुम्ही-आम्ही सांगतो त्यावरून लिहिला जातो. वाहन चोरीला गेलं, मोबाइल हरवला, भाडेकरू न सांगता निघून गेला, तर ठाण्यात नुसता नंबर देऊन परतू नका. काचेवरचा तडा, फाळक्यावरची अक्षरं, सीटचं फाटलेलं कव्हर, शेवटचा फोन कधी लागला, हे लिहायला लावा. स्वतःचं नाव आधार कार्डावर आहे तसंच घालायला सांगा. सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचून घ्या. तिची प्रत विनामूल्य मिळणं हा फिर्यादीचा कायदेशीर हक्क आहे. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. घरच्या वाय-फायला पासवर्ड नसेल तर तो आजच लावा.